जुन्या गाड्यांना नव्या पाटीची सक्ती नको

माझ्या घरी २००८ सालची एक स्कूटर आहे. तिच्या दोन्ही पाट्या साताऱ्यातल्या एका रेडियमवाल्याने केलेल्या आहेत. नियमात सांगितलेल्या उंचीची अक्षरे त्याने स्टीलच्या पट्टीने मोजून कापली होती आणि ‘बाई, आरटीओत कुणी बोट ठेवणार नाही,’ असे सांगून पाट्या माझ्या हातात दिल्या होत्या. त्याचे बोलणे खरे ठरले. सतरा वर्षांत त्या पाट्यांवर कोणी बोट ठेवले नाही. पंधरा-वीस पावलांवरून त्यांवरचा क्रमांक आजही सहज वाचता येतो. मग २०२४ च्या डिसेंबरात राज्याच्या परिवहन विभागाने जाहीर केले की, १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या प्रत्येक वाहनाला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एव्हाना सर्वांच्या तोंडी रुळलेली एचएसआरपी, बसवावी लागेल; ती ठरावीक मुदतीत बसवली नाही तर दंड होईल आणि आरटीओतील गाडी नावावर करणे, पत्ता बदलणे, कर्जाचा बोजा चढवणे-उतरवणे ही कामे थांबतील. गाडी तीच, मालक तोच, क्रमांक तोच आणि पाटीही नियमाप्रमाणेच केलेली. तरीही एका तारखेनंतर ती पाटी बेकायदेशीर ठरणार होती.

या सक्तीला माझा विरोध आहे, आणि तो माझे पैसे वाचावेत म्हणून नाही. ते मी भरले आहेत आणि नवी पाटी बसवूनही घेतली आहे. पण नियम पाळणाऱ्या माणसानेच त्याविषयी बोलले पाहिजे असे मला वाटते, कारण या नियमाची सगळी झळ पाळणाऱ्यालाच लागते. ज्याची गाडी चोरीची आहे किंवा ज्याने दुसऱ्याचा क्रमांक आपल्या गाडीवर लावला आहे, तो संकेतस्थळावर जाऊन, इंजिन क्रमांक भरून, वेळ ठरवून आणि रांगेत उभा राहून पाटी बसवून घेणार नाही.

आधी हा नियम आला कुठून ते पाहू. मोटार वाहन अधिनियम १९८८ चा, त्याखालचे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे, आणि त्यांतील पन्नासावा नियम पाटी कशी असावी हे सांगतो. या नियमात मार्च २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि उच्च सुरक्षा पाटीची कल्पना कायद्यात शिरली. या पाट्या पुरवण्याच्या निविदांच्या अटींवरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००४ मध्ये न्यायालयाने त्या अटी वैध ठरवल्या. पुढे २०११-१२ च्या सुमारास न्यायालयाने, अंमलबजावणी न करणाऱ्या राज्यांना खडसावून मुदती घालून दिल्या. तरीही बहुतेक ठिकाणी काम रखडले. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने वेगळा आणि शहाणपणाचा मार्ग काढला. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या वाहनांना उत्पादकाने आणि विक्रेत्यानेच ही पाटी बसवून द्यावी असे ठरले. त्या निर्णयाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. गाडी शोरूममधून बाहेर पडताना पाटी लागलेली असते, ग्राहकाला वेगळा हेलपाटा पडत नाही आणि खर्च गाडीच्या किमतीत मिसळून जातो. माझा आक्षेप आहे तो त्याआधीच्या, रस्त्यावर धावत असलेल्या गाड्यांवर तारीख लावून केलेल्या सक्तीला. महाराष्ट्रात अशी वाहने दोन कोटींच्या घरात आहेत.

ही पाटी वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. मी ती हातात घेऊन नीट पाहिली. एक मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर उजेड पडला की चमकणारे आवरण, ठसा उठवून वर काढलेली अक्षरे आणि त्या अक्षरांवर पंचेचाळीस अंशांत तिरके छापलेले ‘इंडिया’. डावीकडे वरच्या कोपऱ्यात वीस मिलिमीटर लांबी-रुंदीचे, अशोकचक्र असलेले होलोग्राम. त्याखाली निळ्या रंगात देशाच्या नावाची तीन अक्षरे. आणि खालच्या बाजूला लेझरने कोरलेला दहा आकडी क्रमांक, जो प्रत्येक पाटीचा वेगळा असतो. मागची पाटी ज्या स्नॅप लॉकने बसवतात ते एकदाच लागते, काढायला गेले की तुटते. काम नेटके आहे. रेडियमवाल्याची पाटी त्यापुढे साधी दिसते हे मान्यच केले पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की या नेटक्या कामामुळे ज्या गोष्टी होतील असे सांगितले जाते, त्या जुन्या गाड्यांच्या बाबतीत होतात का.

पहिला दावा चोरीचा. गाडी चोरणारा पाटी चोरत नाही, गाडी चोरतो. एकदाच बसणारे कुलूप तुटेल याची त्याला पर्वा नसते. त्याला ती पाटी जपून ठेवायचीच नसते. चोरीच्या दुचाकीचे पुढे काय होते हे कोणत्याही पोलीस ठाण्यात विचारावे. एक तर ती सुट्या भागांसाठी उघडली जाते, नाहीतर लांबच्या गावी दुसऱ्या क्रमांकाने फिरवली जाते. दोन्ही वेळा मूळ पाटी, जुनी असो वा नवी, पहिल्या तासाभरातच गटारात गेलेली असते.

दुसरा दावा बनावट क्रमांकाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. एका गाडीचा क्रमांक दुसऱ्या गाडीवर लावून फिरणारे लोक आहेत, यात शंका नाही. मी स्वतः त्याचा ताप सोसला आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या फोनवर ई-चलानाचा संदेश आला. ज्या शहरात माझी स्कूटर कधी गेलेली नाही, तिथे विनाहेल्मेट गाडी चालवल्याचा दंड होता. संकेतस्थळावर जाऊन छायाचित्र उघडले, तर त्यात एक काळी मोटरसायकल आणि तिच्यावर एक तरुण; पाटीवर मात्र शेवटच्या आकड्यापर्यंत माझा क्रमांक. ते चलान रद्द करून घेण्यासाठी मला एका कार्यालयात पाच खेटे घालावे लागले. प्रत्येक वेळी नवा कर्मचारी, नवा अर्ज आणि ‘वरून कळेल’ हे एकच उत्तर. अखेर एका कर्मचाऱ्याने संगणकावर माझ्या गाडीची नोंद उघडली. तिथे लिहिले होते: स्कूटर, रंग राखाडी. छायाचित्रात होती काळी मोटरसायकल. ‘हे तर उघडच आहे,’ असे म्हणून त्यांनी दोन मिनिटांत काम संपवले.

या प्रसंगाकडे मी पुन्हा पुन्हा वळते, कारण तो माझा सगळा मुद्दा सांगतो. माझी सुटका पाटीने केली नाही, नोंदीने केली. चलान धाडण्याआधीच यंत्रणेने छायाचित्रातील वाहनाचा प्रकार नोंदीशी ताडून पाहिला असता, तर मला एकही खेटा पडला नसता आणि त्या तरुणाचा माग त्याच दिवशी काढता आला असता. यासाठी दोन कोटी मालकांना रांगेत उभे करण्याची गरज नाही.

समजा, तो तरुण हुशार असता आणि त्याने राखाडी स्कूटरवर राखाडी स्कूटरचाच क्रमांक लावला असता. मग नव्या पाटीने तो पकडला गेला असता का? कॅमेरा फक्त मोठी अक्षरे वाचतो. होलोग्राम आणि कोरलेला दहा आकडी क्रमांक त्याला दिसत नाही. एचएसआरपीसारख्या दिसणाऱ्या, निळी अक्षरे आणि चक्राचे स्टिकर लावलेल्या पाट्या या देशातल्या रस्त्याकडेच्या दुकानांत खऱ्या एचएसआरपी सर्वत्र पोचण्याच्या कितीतरी आधीपासून मिळत आहेत. दहा फुटांवरून त्या दोहोंतला फरक कळत नाही. तो कळावा यासाठी नाक्यावरच्या हवालदाराने गाडी थांबवली पाहिजे, वाकून पाटीच्या कोपऱ्यातला बारीक क्रमांक वाचला पाहिजे आणि तो नोंदीशी ताडला पाहिजे. एवढे वाकायचेच असेल तर त्याने सांगाड्यावर ठोकलेला चासी क्रमांक पाहावा. तो पाटीपेक्षा जुना आहे, लोखंडात आहे आणि खोडला असेल तर खोडल्याची खूण दिसते. गाडीची खरी ओळख तिथे आणि आरटीओच्या नोंदीत असते. पाटी त्या ओळखीची फक्त बाहेर लावलेली खूण आहे.

सुरक्षेचे नाव निघाले की लोक गप्प होतात, म्हणून याच राज्यातील एक उदाहरण सांगते. १२ मार्च १९९३ ला मुंबईत एकापाठोपाठ बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. त्याच दिवशी वरळीत रस्त्यावर सोडून दिलेली एक मारुती व्हॅन पोलिसांना सापडली, तिच्यात शस्त्रे होती. त्या व्हॅनवर होलोग्राम नव्हते, लेझर नव्हते. एमएफसी मालिकेतील साधी पाटी होती. आरटीओच्या नोंदीतून मालकाचे नाव आणि माहीमचा पत्ता निघाला, आणि तपासाचा धागा मेमन कुटुंबापर्यंत पोचला. या देशातील एका मोठ्या गुन्ह्याच्या तपासाची सुरुवात रंगाने लिहिलेल्या पाटीने आणि नीट ठेवलेल्या कागदी नोंदीने करून दिली. नोंद चुकीची असती, किंवा गाडी तीन हात बदलूनही पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली असती, तर जगातील उत्तमोत्तम पाटीनेही पोलिसांना एका रिकाम्या घराच्या दाराशी नेऊन सोडले असते.

तिसरा दावा वाचनीयतेचा. आकड्यांना वळणे देऊन ‘राम’ किंवा ‘बॉस’ लिहिणारे, पाटी वाकवून ठेवणारे, तिच्यावर फुली मारणारे लोक कॅमेऱ्याला चुकवतात हे खरे आहे आणि त्यांना दंड झालाच पाहिजे. तो आजही करता येतो, कारण अक्षरांचे वळण, उंची आणि अंतर नियमांत पूर्वीपासून ठरलेले आहे. ज्याने ते पाळले नाही त्याला नवी पाटी घ्यायला लावा. मी त्याच्या बाजूने एक शब्द बोलणार नाही. पण ज्याने पाळले त्याला कशासाठी? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये बसवलेल्या कॅमेऱ्यांनी जुन्या पाट्यांच्या गाड्यांनाही वेगाची चलाने धाडली, म्हणजे त्या पाट्या यंत्राला वाचता येत होत्या. शिवाय मोटारींच्या काचेवर फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झालेला फास्टॅगही आहे. एकाच गाडीला ओळखण्याची किती साधने तिच्याच मालकाकडून विकत घ्यायला लावायची, याला काही मर्यादा असावी.

आता खर्च. दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, मोटारी व इतर वाहनांना ७४५, आणि या सर्वांवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे अनुक्रमे ५३१, ५९० आणि ८७९ रुपये १० पैसे. या दरांवरून राजकारणात पुष्कळ वाद झाला. शेजारच्या राज्यांत पाटी स्वस्त असल्याचे विरोधकांनी दाखवले, तर जोडणीचा खर्च धरून तुलना करा असे उत्तर सरकारने दिले. त्या वादात मी पडत नाही, कारण दर निम्मा असता तरी माझा आक्षेप तोच राहिला असता. दोन कोटी वाहने धरली आणि सर्वांना दुचाकीचाच, म्हणजे सर्वांत कमी दर लावला, तरी रक्कम हजार कोटींच्या वर जाते. ही रक्कम अर्थसंकल्पात दिसत नाही, तिच्यावर विधिमंडळात मागणी म्हणून चर्चा होत नाही, कारण ती थेट लोकांच्या खिशातून जाते. सरकारने हजार कोटींची योजना मांडली असती तर ‘याने काय साधेल’ असा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला असता.

पैशांपेक्षा मला वेळेची आणि मनस्तापाची किंमत मोठी वाटते, आणि ती केंद्रावर गेल्याशिवाय कळत नाही. माझी वेळ सकाळी अकराची होती. तालुक्याच्या गावी एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन मुले ड्रिल घेऊन जुने रिव्हेट फोडत होती. जुन्या पाट्या ते एका पोत्यात टाकत होते. त्यांतल्या काही पाट्यांवर पेंटरने ब्रशने काढलेले, सावली दिलेले आकडे होते, इतके सुबक की पोत्यात टाकवू नयेत. शेडच्या कडेला एक दूधवाले मामा एम-८० घेऊन उभे होते. दोन्ही बाजूंना किटल्या अडकवायच्या लोखंडी कड्या, हँडलला चिंधी. त्यांची ही तिसरी खेप होती. गाडीचा तपशील नोंदीशी जुळत नाही असे संकेतस्थळ सांगत होते, म्हणून वेळच मिळत नव्हती आणि ते विचारायला आले होते.

‘बाई, वडलांच्या वक्ताचं बुक हाय,’ त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आरसी बुक काढून मला दाखवले. ‘चासी नंबर हातानं लिवलाय. शेवटचा आकडा तीन हाय का आठ, कुणालाच लागंना.’

मलाही लागेना. शाई पसरली होती. मग ते खाली बसले, खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढला आणि सांगाड्यावरची माती आणि गंज घासू लागले. अर्ध्या तासाने आकडा दिसला. आठ होता. संगणकात बहुधा तीन भरला गेला होता. आता नोंद दुरुस्त करायला त्यांना आरटीओत जायचे होते. म्हणजे आणखी एक दिवस, आणखी एक वेळचे दूध. गाडी वडिलांच्या नावावर, वडील जाऊन सात वर्षे झालेली. ती नावावर करून घ्यायची तर पाटी हवी, पाटी हवी तर नोंद जुळायला हवी. मामा चिडले नव्हते. ‘करू की, सरकारचं काम हाय,’ एवढेच म्हणाले. त्या शब्दांनी मला जास्त वाईट वाटले.

या माणसाने कोणता गुन्हा केला? त्याच्या नोंदीतली चूक त्याची नाही; हाताने लिहिलेली बुके संगणकात उतरवताना ती झाली. अशा चुका किती असतील याचा अंदाज जुन्या गाडीच्या कोणत्याही मालकाला आहे. आणि हीच ती नोंद आहे, जिच्यावर सगळी सुरक्षा उभी आहे असे मी वर म्हटले. नोंदवहीत शाई पसरलेली असताना आपण दारावरची पाटी चकचकीत करत आहोत. भरीला, पाटीची नोंदणी करून देतो म्हणणाऱ्या बनावट संकेतस्थळांपासून सावध राहा असे परिवहन विभागालाच लोकांना सांगावे लागले. ज्यांना फोनवर पैसे भरायची सवय नाही अशा लाखो माणसांना एकदम संकेतस्थळावर जायला भाग पाडले, की असे होणारच.

‘सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आहे, मग राज्य काय करणार?’ असे उत्तर मला एका परिचित अधिकाऱ्याने दिले. न्यायालयाचा मान ठेवूनच सांगते की, न्यायालयापुढचा प्रश्न निविदेच्या अटी कायदेशीर आहेत का आणि केलेला नियम राज्ये का पाळत नाहीत, हा होता. नियम असेल तर तो पाळा, हे न्यायालय सांगणारच. पण तो नियम केंद्र सरकारने अधिसूचना काढून केलेला आहे आणि तशाच अधिसूचनेने तो बदलता येतो. २०१८ मध्ये बदललाच की. २००१ मध्ये ज्यांनी जुन्या गाड्यांनाही दोन वर्षांत ही पाटी लावू असे ठरवले, त्यांच्यासमोर संगणकावरची देशव्यापी वाहन-नोंद नव्हती, फास्टॅग नव्हता, हवालदाराच्या हातात गाडीचा रंग आणि प्रकार दाखवणारे यंत्र नव्हते. परिस्थिती पालटली, नियम मात्र जागचा हलला नाही.

तातडीचाही मुद्दा ऐकू येतो. तातडी असती तर तेवीस वर्षे गेली नसती. आणि २०२५ या एका वर्षात ही मुदत ३१ मार्चवरून जूनअखेर, मग १५ ऑगस्ट, मग ३० नोव्हेंबर, मग ३१ डिसेंबर अशी सरकत गेली नसती. प्रत्येक मुदतवाढीने, वेळेत धावपळ करून पाटी लावणाऱ्याला आपण मूर्ख ठरलो असे वाटते आणि न लावणाऱ्याला आपण बरोबर होतो असे. कायद्याबद्दलचा आदर असा झिजतो.

पाटीची सक्ती किती असावी हा प्रश्न इतरत्र उघडपणे चर्चिला जातो. अमेरिकेतील ओहायो राज्यात मोटारीला पुढे आणि मागे अशा दोन पाट्या लागत. तिथल्या विधिमंडळाने कायदा बदलला आणि १ जुलै २०२० पासून पुढची पाटी रद्द झाली. कोलंबस किंवा क्लीव्हलंडकडे ज्यांचे मुलगे-मुली आहेत त्यांनी तिथल्या गाड्यांची मोकळी तोंडे पाहिली असतील. पोलिसांचा या बदलाला विरोध होता. थांबलेल्या शाळेच्या बसला समोरून येऊन ओलांडणारी मोटार पुढच्या पाटीशिवाय ओळखता येत नाही, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा हलका नव्हता आणि त्यावर तिथे अजूनही वाद चालतो. तो निर्णय योग्य की अयोग्य हे मला इथे ठरवायचे नाही. एका पत्र्याच्या तुकड्याने काय मिळते आणि काय जाते याचा हिशेब तिथल्या लोकप्रतिनिधींनी सभागृहात मांडला, एवढेच मला दिसते. आपल्याकडे दुचाकीच्या पुढच्या २८५ बाय ४५ मिलिमीटरच्या पट्टीचाही कोणी असा विचार केला नाही. कितीतरी देशांत मोटरसायकलला मागे एकच पाटी लागते. आपल्याकडे वाहनांमध्ये दुचाकी सर्वांत जास्त आणि दुचाकीवाल्यांची मिळकत सर्वांत कमी, तरी पाट्या दोन.

मग जुन्या गाड्यांचे करायचे काय? माझ्या मते उत्तर कायद्यातच पडून आहे. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी नेऊन दाखवावी लागते. मार्च २०१९ मध्ये नोंदलेली शेवटची जुनी गाडीही २०३४ पर्यंत एकदा निरीक्षकासमोर उभी राहणारच आहे, आणि तोवर बऱ्याच गाड्या मोडीत गेलेल्या असतील. व्यावसायिक वाहने तर फिटनेससाठी दर एक-दोन वर्षांनी येतातच. गाडी विकली गेली तरी नाव बदलायला कागद तिथेच येतात. या तीनपैकी जी वेळ आधी येईल त्या वेळी, आरटीओच्या आवारातच, त्याच शुल्कात पाटी बसवून द्यावी. वेगळे संकेतस्थळ नको, वेगळा हेलपाटा नको आणि तोपर्यंत नियमाप्रमाणे वाचता येणारी जुनी पाटी वैध मानावी. ज्याची पाटी वाचता येत नाही त्याला आजच पकडावे.

अशा भेटीत पाटीपेक्षा महत्त्वाचे एक काम करता येईल. निरीक्षकाने गाडीखाली वाकून चासी क्रमांक स्वतः वाचावा, संगणकातल्या क्रमांकाशी ताडावा, आणि जुळत नसेल तर तिथेच दुरुस्त करावा. मालक हयात आहे का, पत्ता तोच आहे का, फोन कोणाचा आहे, हे विचारावे. वारसाच्या नावावर गाडी करायची असेल तर पाटी नाही म्हणून त्याला परत पाठवू नये. दोन्ही कामे एका खिडकीवर व्हावीत. चोरीची किंवा दुसऱ्याच्या क्रमांकावर चालणारी गाडी याच तपासणीत उघडी पडेल, कारण सांगाड्यावरचा आकडा खोटे बोलत नाही. दूधवाल्या मामांना पॉलिश पेपरने घासून शोधावा लागलेला तो आठचा आकडा, अशी व्यवस्था असती तर, त्यांच्या गाडीची पंधरा वर्षे संपली त्याच दिवशी नोंदीत नीट उतरला असता.